राजाने किती क्लिक करावेत?

‘व्हिक्टोरिया २’ हा २०१० सालचा संगणकावरचा खेळ १ जानेवारी १८३६ या तारखेला सुरू होतो. जगाचा नकाशा उघडतो. त्यात माळव्यात इंदूर नावाचं एक चिमुकलं संस्थान असतं आणि हवं तर तेच निवडून खेळता येतं. ब्रिटनचं मांडलिक, फौज जेमतेम, तिजोरी त्याहून जेमतेम. प्रत्यक्षात त्या वर्षी गादीवर हरीराव होळकर होते. तुकोगंज त्या नकाशावर शोधू नये. इंदूरमधली आमची ही वस्ती पुढच्या काळातली, तुकोजीराव महाराजांच्या नावाची. पण आज या तुकोगंजात, नाथमंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत, रात्री अकरानंतर एखाद्या खोलीत दिवा दिसला तर आत कुणीतरी इंदूरचं नाहीतर प्रशियाचं राज्य चालवत बसलेलं असण्याची शक्यता बरीच. शेजारच्या खोलीत ऐकू येतो तो फक्त माउसचा आवाज. टक्, टक्, टक्. तासन्‌तास.

ही टकटक कमी कशी करायची यावर खेळ बनवणाऱ्यांनी गेली तीसेक वर्षं डोकं खपवलं आहे. वरवर पाहता हा बोटांच्या सोयीचा प्रश्न वाटतो. मला तो राज्यकारभाराचा वाटतो, आणि म्हणूनच त्याचं उत्तर शोधताना स्टॉकहोमइतकंच महेश्वरकडेही बघावंसं वाटतं.

आधी या खेळांची जात सांगायला हवी. ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ म्हणजे एखाद्या देशाचा सगळा कारभार हातात घेऊन तो शतकानुशतकं चालवण्याचा खेळ: कर, व्यापार, सोयरीक, तह, लढाया, बंडं, सगळं. फिलिप तिबो या फ्रेंच माणसाने १९९३ मध्ये ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ नावाचा पटावरचा खेळ काढला. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीने २००० साली त्याला संगणकावर आणलं आणि तिथून ही शाखा बहरली. त्याची चौथी आवृत्ती २०१३ ची. ती ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होऊन ३ जानेवारी १८२१ ला संपते. म्हणजे सुमारे ३७६ वर्षं, एक लाख ३७ हजारांच्या आसपास दिवस, आणि खेळातलं घड्याळ एकेका दिवसाने पुढे सरकतं. त्यात मराठी मुलुखातलं एखादं छोटं राज्य घेऊन ते वाढवत नेलं तर पुढे ‘मराठे’ ही सत्ता स्थापन करता येते. आमच्याकडच्या मुलांना हा खेळ लागतो यात नवल नाही.

गोम अशी आहे. सुरुवातीला तुमच्याकडे पाच प्रांत असतात. कुठल्या प्रांतात बाजारपेठ बांधायची आणि कुठल्यात छावणी, हा खरा निर्णय असतो. चुकला तर शेजारी गिळून टाकतो. दोनशे वर्षांनी तुमच्याकडे शंभर प्रांत होतात. बाजारपेठ बांधायचीच आहे, सगळीकडेच बांधायची आहे, पैसाही आहे. आता विचार करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, पण क्लिक मात्र वीस पटींनी वाढले आहेत. प्रांतावर एक क्लिक, इमारतीच्या रिकाम्या जागेवर दुसरा, यादीतल्या बाजारपेठेवर तिसरा. शंभर प्रांतांना तीनशे. राज्य जितकं मोठं तितका प्रत्येक क्लिकचा अर्थ बारीक होत जातो आणि कंटाळा जाड. या खेळांतली कितीतरी राज्यं शत्रूमुळे बुडत नाहीत, खेळाडू कंटाळून उठून जातो म्हणून अर्धवट राहतात.

एकदा माझा भाचा असाच करवादला होता: “मामा, मी राजा आहे की बाबू?” इंदुरात सरकारी कारकुनाला बाबूच म्हणतात. त्याचा प्रश्न मला फार नेमका वाटला. हे खेळ एकाच माणसाला गादीवरही बसवतात आणि दफ्तरातही. हुकूम द्यायचा त्यानेच, नक्कल करायची त्यानेच, आणि जासूद होऊन गावोगाव पोचवायचा तोही त्यानेच.

खऱ्या राजांनी हे कधी केलं नाही. करणं शक्यच नव्हतं. इंदूरच्याच इतिहासातलं उदाहरण घेऊ. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये वारले, नातू मालेराव वर्षभरात गेला, आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी महेश्वरहून राज्य पाहिलं. सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात त्यांचा दिनक्रम दिला आहे. बाई दुपारी दोनच्या सुमाराला दरबारात येत, सहापर्यंत बसत. मग पूजा आणि साधं जेवण. पुन्हा नऊ ते अकरा कामकाज. सगळे मिळून सहा तास. तेवढ्या वेळात माळव्यात विखुरलेल्या महालांचा वसूल, तंटे, दानधर्म, पुण्याशी पत्रव्यवहार. हे जमलं कारण मोहिमा तुकोजी होळकरांकडे सोपवलेल्या होत्या आणि मुलकी कारभाराची माणसं सारखी बदलली जात नव्हती. माल्कम मुद्दाम नोंदवतो की गोविंदपंत गानू हे त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत कारभारी राहिले आणि इंदूरचा कमाविसदार, म्हणजे वसुलीचा अंमलदार, खंडेराव जवळपास वीस वर्षं त्याच जागेवर होता. वीस वर्षं! म्हणजे इंदूर या एका ‘प्रांता’वर दोन दशकं बाईंना रोज काही करावं लागलं नाही. एकदा माणूस नेमला, आणि मग हिशेब तपासले.

खेळांतली टकटक कमी करण्याच्या सगळ्या युक्त्या घेतल्या तर त्या शेवटी इथेच येतात. गेलेला कारकून परत नोकरीवर ठेवायचा. फक्त कुठला कारकून, किती अधिकाराचा, आणि त्याच्यावर नजर कोणाची, यात फरक.

सगळ्यात साधा कारकून नक्कलनवीस. राजाने एकदा सांगायचं, याने शंभरदा लिहायचं. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ मधली ‘मॅक्रो बिल्डर’ ही खिडकी हेच करते. एकदा बाजारपेठ निवडायची, मग नकाशावर जिथे जिथे ती बांधता येईल ते प्रांत रंगवून दाखवले जातात. प्रत्येकावर एकेकदा टिचकी मारत जायचं. तीनशेचे एकशे दोन-तीन झाले. फौजेचा साचा तयार ठेवला, इतकं पायदळ, इतके स्वार, इतक्या तोफा, की एका हुकमात जवळपासच्या प्रांतांत भरती सुरू होते आणि तुकड्या ठरल्या जागी गोळा होतात. शिफ्टची कळ दाबून एकामागून एक मुक्काम दिले की फौज ओळीने ते उरकते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ग्रँड स्ट्रॅटेजी नव्हे, पण सायबर कॅफेत वाढलेल्या पिढीला त्यातली शेतं आठवतील. शेत संपलं की पुन्हा जाऊन पेरायचं, ऐन लढाईत. १९९९ च्या मूळ खेळात दर वेळी हाताने. २००० च्या पुरवणीत गिरणीवर पेरण्या आगाऊ लावून ठेवता येऊ लागल्या. २०१९ च्या नव्या आवृत्तीत शेत आपोआप पेरलं जातं. एका शेतकऱ्याला पुन्हा पेरायची अक्कल यायला वीस वर्षं लागली.

दुसरा कारकून वाकनीस, बातम्या आणणारा. या खेळांत निम्मे क्लिक हुकूम देण्यात जात नाहीत, मधोमध उगवणाऱ्या सूचनांच्या पाट्या बंद करण्यात जातात. दूरच्या कुठल्यातरी राजाचं लग्न झालं: ठीक. अमुकने तमुकशी तह केला: ठीक. ठीक, ठीक, ठीक. पुणे दरबाराचे बातमीदार महेश्वरी बसून अहिल्याबाईंच्या दरबाराची खबर लिहून पाठवत. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ती ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने छापली आहेत. दरबारातली प्रत्येक शिंक पुण्याला कळवली तर नाना फडणिसांनी वाचायचं कधी? काय कळवायचं, काय नाही, हे बातमीदाराला उमगलेलं असायला लागतं. खेळांतही ही सोय असते आणि बहुतेक जण ती कधी उघडून बघत नाहीत. प्रत्येक प्रकारच्या बातमीसाठी ठरवता येतं: खेळ थांबवून पाटी दाखवायची, न थांबवता दाखवायची, की कोपऱ्यातल्या यादीत नुसती टिपून ठेवायची. नवा खेळ सुरू करताना ही यादी एकदा नीट लावून घेतली तर बोटांचं जितकं काम वाचतं तितकं दुसऱ्या कुठल्याही युक्तीने वाचत नसावं. माझा अनुभव तरी तसा आहे.

यापुढचा कारकून म्हणजे कमाविसदार. त्याला नुसतं लिहायचं नाही, ठरवायचंही आहे. इथे खरी गंमत सुरू होते, आणि खरी भांडणंही.

२००३ मध्ये आलेल्या ‘मास्टर ऑफ ओरायन ३’ ची कथा या बाबतीत शिकण्यासारखी आहे. अंतराळातल्या साम्राज्याचा खेळ. मूळ कल्पना धाडसी होती: राजाचं लक्ष हीच मर्यादित वस्तू मानायची. दर फेरीला खेळाडूला ठरावीकच गोष्टींत हात घालता येईल, बाकीचं ग्रहांवरचे सुभेदार बघतील. या कल्पनेमागचा आराखडाकार अ‍ॅलन एमरिच. शोध, विस्तार, उपयोग आणि विनाश या चार गोष्टींच्या खेळांना ‘फोर एक्स’ हे नाव १९९३ मध्ये त्यानेच दिलं होतं. पण खेळ बाजारात येईपर्यंत लक्षाची मर्यादा काढून टाकली गेली, एमरिचही बाहेर पडला, आणि उरले नुसते सुभेदार. ते स्वतःच्या मनाने बांधत, राजाचा हुकूम फिरवत, आणि का ते सांगत नसत. खेळाडूंना टकटक नको होती हे खरं, पण असं रिकामं सिंहासनही नको होतं. खेळ आपटला.

‘स्टेलॅरिस’ (२०१६) मध्ये वेगळ्या वाटेने तीच ठेच लागली. थोडेच ग्रह राजाच्या थेट ताब्यात ठेवता येत, बाकीचे सक्तीने सुभ्यांत घालून संगणकाच्या हाती द्यावे लागत. सुभेदार भलत्याच इमारती बांधायचे आणि खेळाडू हात चोळत बघत राहायचे. पुढच्या आवृत्त्यांत ती सक्ती काढावी लागली.

यातून असं वाटेल की संगणकाची अक्कल कमी पडते एवढाच दोष आहे. तसं नाही. मराठी राज्यातला कमाविसदार तरी कुठे धुतल्या तांदळाचा होता? पण त्याच्याभोवती व्यवस्था होती. नेमणूक होताना तो अपेक्षित वसुलापैकी काही रक्कम ‘रसद’ म्हणून आधीच सरकारात भरायचा, म्हणजे त्याचा स्वतःचा पैसा अडकलेला. त्याच्या कचेरीत मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरकदार असत. त्यांना काढून टाकायचा अधिकार कमाविसदाराला नव्हता, आणि हिशेब त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. वर्षाच्या सुरुवातीला अजमास, शेवटी ताळेबंद. दोन्ही शेजारी ठेवले की कुठे काय झालं ते पुण्यात बसून दिसायचं. सोपवलेलं काम दिसत राहणं, आणि खटकलं तर त्या एकाच जागी बोट ठेवता येणं, या दोन गोष्टी मिळाल्या तर माणूस थोड्या कमअस्सल कारभाऱ्यावरही विसंबतो. ‘मास्टर ऑफ ओरायन’च्या सुभेदारांपाशी ना दरकदार होते, ना ताळेबंद.

आणि कारभाऱ्याला काय सांगून पाठवलं हेही बघायला लागतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने देण्याची रीत बोकाळली: जो जास्त रक्कम बोलेल त्याला वसूल. मक्तेदाराला एकच आकडा दिलेला, तो त्याने गाठला. रयत पिळून निघाली, गावं उजाड झाली, ते त्याच्या हिशेबात कुठे लिहायचंच नव्हतं. एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात या पद्धतीचे परिणाम नोंदवले आहेत. खेळातल्या सुभ्याला “जास्तीत जास्त उत्पन्न” एवढाच हुकूम दिला की तोही नेमकं हेच करतो: दहा वर्षांनी खजिना भरलेला असतो आणि अर्ध्या प्रांतांत बंड. सोपवण्याचा दोष कारभाऱ्यावर ढकलण्याआधी हुकूम वाचून बघावा.

‘क्रुसेडर किंग्ज’ या मालिकेने मात्र ही सगळी कटकटच खेळाच्या पोटात घातली. २०१२ ची दुसरी आवृत्ती असो वा २०२० ची तिसरी, राजाला मोजकेच परगणे स्वतःकडे ठेवता येतात. बाकीचे सरदारांना द्यावेच लागतात. सरदार आपापला मुलूख आपणच बघतात, त्यामुळे साम्राज्य कितीही पसरलं तरी राजाची बोटं फारशी दमत नाहीत. मोबदला मात्र चुकवावा लागतो. सरदारांना मतं असतात, हेवे असतात, फौज असते. पेशव्यांनी माळवा शिंदे, होळकर, पवारांना वाटून दिला तेव्हा पुण्याचं काम किती हलकं झालं असेल! आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी त्याच पुण्याशेजारी, हडपसरला, पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली. बाजीराव पळाला आणि डिसेंबरात वसईला इंग्रजांशी तह करून बसला. क्लिक वाचवण्याची ही किंमत ‘क्रुसेडर किंग्ज’ खेळाडूकडून पुरेपूर वसूल करतो, आणि म्हणूनच तिथे सोपवणं कधी कंटाळवाणं होत नाही.

‘हार्ट्‌स ऑफ आयर्न ४’ ने (प्रकाशन ६ जून २०१६, नॉर्मंडीच्या उतराईचा दिवस मुद्दाम साधून) तिसरी वाट काढली. दुसऱ्या महायुद्धात शेकडो डिव्हिजनी एकेक करून हलवायच्या म्हणजे शिक्षाच. इथे खेळाडू नकाशावर आघाडीची रेघ ओढतो, पुढे कुठवर जायचं तो बाण काढतो, आणि डिव्हिजनी स्वतः रेघेवर पसरतात. यातली चतुराई पुढे आहे: आराखड्याप्रमाणे थांबून तयारी करणाऱ्या फौजेला हल्ल्यात जादा बळ मिळतं. सोपवण्याला बक्षीस! मुरलेले खेळाडू तरीही शत्रूला वेढा घालायची वेळ आली की माउस हातात घेऊन चार डिव्हिजनी स्वतः हलवतात. मला हे प्रमाण योग्य वाटतं. हजार हालचाली सेनापतीच्या, चार राजाच्या, आणि त्या चार कुठल्या ते राजा ठरवतो.

सगळ्यात टोकाचा उपाय म्हणजे कामच रद्द करणं. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेत मजूर असत. रस्ते करा, शेतं करा, खाणी खणा. मोठ्या साम्राज्यात पन्नास मजूर दर फेरीला काम मागत उभे. मग त्यांना आपोआप कामाला लावायचं बटण आलं. सहाव्या भागात (२०१६) मजूर मोजक्या कामांनंतर नाहीसा होऊ लागला आणि रस्ते व्यापारी तांड्यांच्या पाउलवाटांवर आपोआप उमटू लागले. २०२५ च्या सातव्या भागात मजूरच नाहीत. शहर वाढलं की कुठली जमीन कसायची तेवढं विचारलं जातं. ‘व्हिक्टोरिया ३’ ने २०२२ मध्ये असाच सुरा फौजांवर चालवला. नकाशावर पलटणी हलवणं बंद. सेनापतीला आघाडीवर पाठवायचं आणि हल्ला की बचाव एवढं सांगायचं. अर्थकारणाचे भक्त खूश झाले, लढाईचे शौकीन खवळले, आणि वर्षभराने कंपनीला ती व्यवस्था बरीचशी नव्याने रचावी लागली. माझी सहानुभूती खवळलेल्यांकडे थोडी जास्त आहे. तिथे नुसती टकटक गेली नव्हती, तिच्याबरोबर काही खरे निर्णयही गेले होते.

आता थोडं बोटांकडे. १९५४ मध्ये पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलेला नियम असा, की एखाद्या ठिकाणावर हात नेमका पोचायला लागणारा वेळ अंतराबरोबर वाढतो आणि ते ठिकाण मोठं असेल तर कमी होतो. माउस तेव्हा नव्हताच. डग्लस एंगलबार्टचा पहिला लाकडी माउस १९६४ चा. पण नियम माउसला तंतोतंत लागू पडला. म्हणून पडद्याच्या एका टोकाचं बारीक बटण दाबून दुसऱ्या टोकाच्या बारीक बटणाकडे जायला लावणारी मांडणी माणसाला दमवते. पडद्याची कड आणि कोपरे सोपे, कारण बाण तिथे जाऊन अडतो, पुढे सटकत नाही. कळफलकावरच्या कळीला हे अंतरच नाही. पाच-सहा कळा पाठ केल्या, आणि फौजांना कंट्रोल व आकडा देऊन बांधून ठेवल्या, तरी माउसचा प्रवास पुष्कळ घटतो.

हाताचा प्रवास घटवण्याची ही खटपट आपल्याकडच्या कारकुनांना नवी नव्हती. होळकरांचं दफ्तर मोडीत लिहिलेलं आहे. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता ओळ लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकारांची भानगड बहुधा ठेवायचीच नाही. जे शब्द दिवसातून शंभरदा येतात ते पुरते लिहायचेच नाहीत: ‘मुक्काम’ऐवजी ‘मु॥’. हे सगळं क्लिक वाचवणंच आहे. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने धंद्यांच्या आजारांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली आहेत: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. माउस धरून रात्र काढणाऱ्याला यात एक अक्षर बदलावं लागणार नाही. आज या दुखण्यांना नावं आहेत. मनगटातल्या बोगद्यात मधली नस दाबली जाते ती कार्पल टनेल. अंगठ्याच्या स्नायुबंधांचं आवरण सुजतं ती द कर्व्हेन. एका क्लिकला जोर नगण्य लागतो. त्रास होतो तो मनगट एकाच कोनात वाकवून धरण्याचा आणि त्याच त्या हालचालीला विसावा न मिळण्याचा. बोटांत मुंग्या येऊ लागल्या, रात्री जाग येऊ लागली, तर मांडणी बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरला दाखवावं.

खेळात सोय नसेल तर बाहेरून कारकून आणता येतो. २००३ पासून मिळणारा ‘ऑटोहॉटकी’ हा विंडोजवरचा फुकट कार्यक्रम एका कळीवर क्लिकांची पूर्ण मालिका बसवून देतो. एकट्याने खेळताना त्यात गैर काही नाही. तुमचं राज्य, तुमचा कारकून. दुसऱ्यांबरोबर खेळताना मात्र आधी विचारावं. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ च्या वॉल्व्ह कंपनीने एका कळीत अनेक हालचाली कोंबणारे उपाय आपल्या अधिकृत सर्व्हरवर बंद केले. ते बरोबरच होतं, कारण त्या खेळात हाताची चपळाई हेच तर जोखायचं असतं. मोगल साम्राज्याशी तह करताना हात किती चपळ आहे हे कुणी जोखत नाही.

अलीकडे मात्र असा कारकून खेळातच मिळू लागला आहे. ‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये मार्च २०२३ पासून खाजगी गुंतवणूकदार आपापले कारखाने स्वतः बांधतात आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ मध्ये व्यापार, बांधकाम, फौज असे कारभाराचे विभाग वेगवेगळे संगणकाकडे देता येतात आणि मनात आलं की परत घेता येतात. म्हणजे एक खेळाडू निव्वळ सेनापती, दुसरा निव्वळ पेढीवाला. अहिल्याबाईंनी मोहिमा दुसऱ्याकडे देऊन मुलकी कारभार हाती ठेवला, तसंच. तुकोजींच्या खर्चावरून त्यांचे खटके उडत, तसे इथेही उडतात. तुमच्या वतीने संगणकाने भरती केलेल्या फौजेचा पगार शेवटी तुमच्याच तिजोरीतून जातो.

या सोयींना ‘आळशांचे चोचले’ म्हणून नाकं मुरडणारे खेळाडू आहेत. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. संधिवाताने बोटं आखडलेला, अर्धांगातून उठलेला, एकाच हाताने काम करणारा माणूस चपळाईचे खेळ खेळू शकत नाही, पण हा प्रकार खेळू शकतो. स्पेस बार दाबला की काळ थांबतो. थांबलेल्या काळात वाटेल तेवढा विचार करून सावकाश हुकूम देता येतात. विंडोजमध्ये ‘क्लिकलॉक’ सुरू केलं तर बटण दाबून न धरता वस्तू ओढता येते, ‘माउस कीज’ने आकड्यांच्या कळांवरून बाण हलवता येतो, आणि मॅकवर बाण एका जागी क्षणभर स्थिर ठेवला की क्लिक आपोआप होतो. अशा माणसाला तीनशे क्लिकांऐवजी शंभर लागणं ही सोय नाही. शंभरात तो संध्याकाळभर खेळतो. तीनशेत तो खेळ विकतच घेत नाही.